खोकल्याची बाटली आणि नियमाची भाषा

प्रति,
महासंचालक,
राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था (नाडा),
नवी दिल्ली




मी बोईसरला औषधाचे दुकान चालवते. हे पत्र खोकल्याच्या औषधाबद्दल आहे. आपल्या कार्यालयात उत्तेजकांचा विषय निघतो तेव्हा स्टिरॉइड, रक्त वाढवणारी इंजेक्शने, परदेशी पावडरी यांची नावे आधी येत असतील. माझ्या काउंटरवर या विषयाची सुरुवात शंभर-सव्वाशे रुपयांच्या एका बाटलीपासून होते, आणि ती मागणाऱ्याला आपण खेळाच्या कुठल्या नियमाजवळ उभे आहोत याची कल्पनाही नसते.

आमच्या पालघर जिल्ह्याने याचा अनुभव घेतला आहे. क्रिकेटपटू पृथ्वी शॉ विरारचा. लहानपणापासून विरारहून गाडीने मुंबईला सरावासाठी जाणारा, २०१३ मध्ये शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा करणारा, २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार, आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ धावा काढणारा. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालीन हे बंदी असलेले द्रव्य सापडले. ३० जुलैला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने निर्णय जाहीर केला: आठ महिने बंदी, मागच्या तारखेपासून, १६ मार्च ते १५ नोव्हेंबर. खोकल्यासाठी घेतलेल्या सिरपमधून ते द्रव्य नकळत पोटात गेले, हे त्याचे म्हणणे मंडळाने मान्य केले आणि तरीही बंदी घातली. नियमच तसा आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. ते कसे आले, हेतू काय होता, याचा विचार शिक्षा किती द्यायची हे ठरवताना होतो. दोष लागायचा तो लागतोच.

क्रिकेट तेव्हा आपल्या अखत्यारीत नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते आले. त्यामुळे त्या निकालाबद्दल मला आपल्याला काही विचारायचे नाही. माझ्या मनात वेगळीच गोष्ट घर करून राहिली. तो १९ वर्षांचा होता. कसोटी खेळलेला होता. मुंबई आणि भारताच्या संघांतून वावरलेल्या मुलाच्या आसपास फिजिओ होते, विचारायला अनुभवी माणसे होती, हाताशी फोन होता, शिक्षण मुंबईच्या नावाजलेल्या शाळेत झालेले होते. इतके सगळे असलेला मुलगा खोकल्याच्या बाटलीपाशी चुकला. मग यातले काहीच नसलेल्या मुलामुलींचे काय?

टर्ब्युटालीन हे आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध आहे. ब्रोमहेक्झीन किंवा अॅम्ब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसीन आणि टर्ब्युटालीन असे मिश्रण असलेली सिरपे भारतातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात असतात. त्याच फळीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली कोरड्या खोकल्याची सिरपे असतात, आणि त्या घटकावर बंदी नाही. दोन्ही बाटल्या कधी कधी एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, नावापुढच्या एखाद्या इंग्रजी अक्षरापुरत्या वेगळ्या. गिऱ्हाईक 'खोकल्याची बाटली द्या' एवढेच म्हणते. यातली बरीचशी औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा कायदा आहे. ती चिठ्ठीशिवाय मागितली जातात आणि दिलीही जातात, हे आमच्या व्यवसायातले कोणी नाकारणार नाही.

सालब्युटामॉलचे आणखी अवघड. तेच औषध पंपातून ओढले तर चालते, मात्र २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही आठ तासांत ६०० पर्यंतच. त्याचीच गोळी किंवा सिरप घेतले तर बंदी. आमच्याकडे पंपाला लोक बिचकतात. 'पंपाची सवय लागते' असे आया सांगतात आणि मुलाला सिरप पाजतात. म्हणजे घरातल्या प्रेमळ काळजीने निवडलेला पर्याय नेमका नियमात न बसणारा. वैद्यकीय कारणासाठी सूट मागायची सोय आपल्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. दम्याच्या किती खेळाडूंच्या घरी ते ठाऊक असेल?

दम्याचा विषय मी उगाच काढलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात आमची तारापूर औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होती. हिवाळ्यात संध्याकाळी हवा खाली बसते तेव्हा चित्रालयापासून नवापूर नाक्यापर्यंत वास जाणवतो. पहाटे याच रस्त्यांवर मुले धावत असतात, कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी शाळेच्या संघासाठी. खोकला इथे बारमाही आहे. याच वसाहतीत औषधांचा मूळ माल, ज्याला आम्ही बल्क ड्रग म्हणतो, तयार होतो. पिंपांवर ज्या रसायनांची नावे चिकटवून आई-बाप शिफ्ट भरतात, तसलीच नावे त्यांच्या मुलीच्या खेळाला आडवी येऊ शकतात, हे त्या घरात कोणी सांगितलेले नसते.

आता भाषेकडे येते. सातपाटी, दांडी, नवापूरच्या किनाऱ्यावर मांगेली बोलतात. केळवे-माहीम, चिंचणीच्या वाड्यांत वाडवळी. रुळांच्या पूर्वेला डोंगराकडे सरकावे तशी वारली, कोकणा, कातकरी. डहाणू-तलासरीकडे गुजराती कानावर येते. बोईसरच्या चाळींत भोजपुरी आणि उडिया. शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, आणि इंग्रजी ही पुष्कळ मुलांची चौथी भाषा. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेचा अधिकृत मजकूर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे. दोहोंत फरक पडला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य. यात मला गैर काही दिसत नाही. न्यायनिवाड्याला एक पक्का मजकूर लागतोच. अडचण त्या पक्क्या मजकुरापासून मोखाड्यातल्या धावपटूपर्यंतच्या अंतराची आहे, आणि ते अंतर कापायची जबाबदारी आज सगळी त्या धावपटूच्या डोक्यावर आहे.

२०२१ पासून लागू असलेल्या शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे एक मूळ तत्त्व आपल्याला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे: उत्तेजकविरोधी व्यवस्थेशी खेळाडूची पहिली गाठ शिक्षणातून पडावी, चाचणीतून पडू नये. हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. या पत्रातली प्रत्येक मागणी त्यातूनच निघाली आहे.

विक्रमगडच्या आश्रमशाळेत शिकलेली आणि आता पालघरच्या कॉलेजात आलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. वय १८-१९. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी ती परराज्यात गेली आहे आणि १५०० मीटर धावून नुकतीच थांबली आहे. एक अनोळखी बाई येते, ओळखपत्र दाखवते, हिंदीत किंवा इंग्रजीत काही सांगते, कागदावर सही घेते, आणि त्या क्षणापासून तिला नजरेआड होऊ देत नाही. खोलीत नेल्यावर कळते की किमान ९० मिलिलीटर लघवी द्यायची आहे, आणि ती देताना ती बाई समोर उभी राहून पाहणार आहे. घरच्या बाईमाणसांसमोरही संकोचणारी ही मुलगी. लबाडी टाळण्यासाठी असे पाहणे का आवश्यक आहे याचे कारण योग्यच आहे, आणि ते कोणी तिच्या बोलीत आधी सांगितले असते तर तिने ते समजूनही घेतले असते. मग तिने स्वतः दोन बाटल्या निवडायच्या, नमुना ओतायचा, झाकणे लावायची, क्रमांक तपासायचे. मग अर्ज. गेल्या सात दिवसांत कोणती औषधे घेतली? तिने घेतली होती ती लाल बाटली. नाव तिला वाचता आले नव्हते. मैत्रिणीने दिली होती. रकाना कोरा राहतो. खाली सही.

आणि हे सगळे पाहून ती घाबरली, सोबतच्या मुलींच्या मागोमाग बसमध्ये जाऊन बसली, तर? नमुना देण्याचे टाळणे हा स्वतंत्र अपराध आहे आणि त्यासाठी चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. बंदी घातलेले काहीही तिच्या पोटात नसताना. चार वर्षांत तिच्या वयाच्या मुलीचे खेळातले सगळे आयुष्य संपते. घरचे लग्नाचे बघायला लागतात.

चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात खेळाडूचे हक्क लिहिलेले आहेत. सोबत प्रतिनिधी ठेवण्याचा, अधिक माहिती विचारण्याचा, सबळ कारण असल्यास थोडा वेळ मागण्याचा, अपंगत्व असल्यास पद्धतीत बदल मागण्याचा. दुभाषीही मागता येतो, पण उपलब्ध असल्यास. हे मानक जगभरासाठी लिहिले गेले; मंगोलियातल्या एखाद्या स्पर्धेत केनियाचा धावपटू आला तर स्वाहिली जाणणारा माणूस तिथे मिळेलच असे नाही, म्हणून ती अट असावी. भारतात ती अट लागू पडावी अशी परिस्थिती उरलेली नाही. मराठी, तमिळ, उडिया, आसामी बोलणारी माणसे आपल्याच देशात कोट्यवधी आहेत. चाचणी अधिकाऱ्याने एक क्रमांक लावला आणि पलीकडून प्रशिक्षित माणसाने खेळाडूशी तिच्या भाषेत दहा मिनिटे बोलून घेतले, तर दुभाषी उपलब्ध झाला. त्याला विमानाचे तिकीट लागत नाही. राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेत कोणत्या राज्यांची मुले येणार हे आधीपासून माहीत असते; त्या त्या भाषांची माणसे त्या दिवसांपुरती फोनवर बसवणे आपल्या संस्थेला जड जाऊ नये.

मुद्दाम फसवणारे खेळाडू आहेत, हे मी विसरलेले नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीत भारताचे ७००० हून अधिक नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या २६० मध्ये बंदी असलेले द्रव्य सापडले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण लाजिरवाणे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत आपले अधिकारी आल्याची कुणकुण लागताच पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला, हे साऱ्या देशाने वाचले. मेफेंटरमीनचे इंजेक्शन मागायला व्यायामशाळेतली मुले आमच्यासारख्या दुकानांत येतात. आम्ही त्यांना हाकलतो आणि ती पुढच्या दुकानात जातात. हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरायला असते, आणि ही मुले ते दंडात टोचून घेतात. त्यांच्यासाठी मी दयेची याचना करणार नाही. उलट, माझे म्हणणे असे की इंग्रजीच्या आडोशाचा सगळ्यात जास्त फायदा याच लोकांना मिळतो. 'आम्हाला कोणी सांगितलेच नाही' हे उत्तर आज खरे बोलणारा देतो आणि खोटे बोलणाराही. नियम प्रत्येकाच्या भाषेत पोहोचला की खोटे बोलणाऱ्याला ते वाक्य वापरता येणार नाही. आपल्या कामाला त्याने धारच येईल.

औषधाच्या दुकानापलीकडची एक गोष्टही सांगायला हवी. आमच्या डोंगरपट्ट्यात जडीबुटी जाणणारी माणसे आहेत आणि त्यांच्या विद्येबद्दल मला आदर आहे. पण काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बियांत स्ट्रिक्नीन असते. ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. शुद्ध केलेला कुचला आयुर्वेदाच्या काही गोळ्यांत, विषतिंदुक वटीत, सांधेदुखीसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी वापरतात. चिकणा, ज्याला आयुर्वेद बला म्हणतो, त्यात थोड्या प्रमाणात इफेड्रीन सापडते. 'आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही' असे आमच्याकडे पायलीला पन्नास माणसे सांगतील. दिल्लीहून इंग्रजीत आलेल्या यादीत स्ट्रिक्नीन वाचणाऱ्या माणसाला काजऱ्याचे झाड आठवणार नाही, आणि काजऱ्याचे झाड ओळखणाऱ्याला ती यादी वाचता येणार नाही. दोघांना जोडणारा कागद स्थानिक माणसानेच लिहायला हवा. हे काम कोणत्याही भाषांतर-यंत्राला जमणार नाही. झाडाचे इथले नाव त्याला माहीत नसते.

वारली, कातकरी बोलणारी पुष्कळ माणसे ऐकून शिकतात. म्हणून माझी विनंती छापील पत्रकापाशी थांबत नाही. चार-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण, गावातल्याच शिक्षकाच्या आवाजात, फोनवर एकाकडून दुसऱ्याकडे जाईल असे. खोकला झाला तर काय विचारायचे. इंजेक्शन घेतले तर ते कशाचे हे कसे लिहून घ्यायचे. चाचणीला बोलावले तर काय काय होईल, कोणाला सोबत नेता येईल, नाही म्हटले तर काय होईल. दुसऱ्या नमुन्याची तपासणी मागता येते, हे. एवढेच. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यापासून सुरू होतात. शेकडो मुले एका मैदानावर जमतात आणि आपला गट पुकारला जाईपर्यंत तासन् तास बसून असतात. ध्वनिक्षेपक तिथे असतोच.

बहिऱ्या खेळाडूंच्या स्पर्धांत धावण्याची सुरुवात पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्याने होते. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उत्तेजकविरोधी संहितेला बांधलेली आहे. सुरुवातीच्या रेषेवर जी समज खेळाने दाखवली ती चाचणीच्या खोलीतही दिसायला हवी. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारा माणूस व्हिडिओ कॉलवर असावा. अंध खेळाडूला अर्ज वाचून दाखवला जातो तो त्याला कळणाऱ्या भाषेत असावा, आणि वाचणारा माणूस त्याने निवडलेला असावा. पद्धतीत बदल करण्याची मुभा मानकात दिलेली आहे. ती मुभा आहे हे त्या खेळाडूच्या कानावर किंवा नजरेसमोर कधी घातले जाते, हा प्रश्न आहे. चाचणीच्या दिवशी ते कळून उपयोग थोडा.

भाषेशिवाय काम होईल अशीही एक वाट आहे आणि ती दुसऱ्या एका देशाने चोखाळली आहे. इटलीत २००० सालच्या ३७६ क्रमांकाच्या कायद्यामुळे बंदी असलेले द्रव्य ज्या औषधात असते त्याच्या खोक्यावर तशी खूण छापावी लागते: लाल वर्तुळ, त्यात 'डोपिंग' हा शब्द आणि त्यावर रेघ. टेनिसपटू यानिक सिन्नरच्या २०२४ मधल्या प्रकरणात क्लॉस्टेबोल असलेला फवारा इटलीतल्या औषधाच्या दुकानातूनच घेतलेला होता आणि अशा खोक्यावर ती खूण असते. त्याच्या फिजिओने तो स्वतःच्या कापलेल्या बोटावर वापरला आणि त्याच हातांनी मालिश केली, असा खुलासा मान्य झाला. शेवटी २०२५ मध्ये तीन महिन्यांची बंदी त्याने स्वीकारली. खूण असूनही घोटाळा झाला, म्हणजे नुसती खूण पुरत नाही. पण खूण असली की जबाबदारी कोणाची हे ठरवणे सोपे जाते. आमच्या फळीवरच्या बाटल्यांवर तेवढेही नाही.

आपल्या देशाला अशा खुणा नव्या नाहीत. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका निरक्षर आजीही ओळखते. चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, आणि ती काय सांगते हे आम्ही गिऱ्हाइकांना दाखवतो. त्याच धर्तीवर खेळाडूंसाठी एक खूण औषधांवर यावी. हे आपल्या एकट्याच्या हातातले नाही, आरोग्य मंत्रालय आणि औषध नियंत्रकांचे काम आहे, याची मला जाणीव आहे. पण मागणी आपल्या संस्थेकडून गेली तर तिचे वजन वेगळे असेल. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने आपल्या संस्थेला संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. ते वजन इथे वापरावे.

खूण येईपर्यंत औषधविक्रेत्यांना हाताशी धरा. चाचणी, सुनावणी, बंदी या साखळीत आमचे नाव कुठेच येत नाही, आणि बाटली मात्र आमच्याच हातून जाते. मुंबईच्या मोठ्या क्लबातल्या खेळाडूला विचारायला डॉक्टर आहे. बोईसर, मनोर, कासा, चारोटी इथल्या खेळाडूला विचारायला मेडिकलवालाच आहे. 'मी खेळते, हे चालेल का?' हे वाक्य एखाद्या मुलीने काउंटरवर उच्चारले तर फळीवरची कोणती बाटली बाजूला सारायची हे आम्हाला कळायला हवे. औषध तपासायचे ॲप आपल्या संस्थेने काढले आहे, ही चांगली गोष्ट. पण रेंज नसलेल्या पाड्यात, इंग्रजी स्पेलिंग टंकून, कोण शोधणार? फळीच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल असा एक कागद द्या: सर्दी, खोकला, ताप, अंगदुखी, दमा, अंगावरची सूज या दुखण्यांवर खेळाडूला काय देऊ नये. मराठीत, मोठ्या अक्षरांत, औषधाचे मूळ नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत. सरकारी मराठी नको. 'प्रतिबंधित पदार्थांचे अनवधानाने सेवन' असे लिहिले की तो कागद वाचला जाणार नाही. 'खेळाडूला हे देऊ नका' एवढे पुरे.

तो कागद दर वर्षी बदलावा लागेल, कारण बंदीची नवी यादी दर १ जानेवारीला लागू होते. ट्रॅमाडॉलचेच पाहा. दुखण्यावरची ही गोळी वर्षानुवर्षे दिली जात होती. १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात तिच्यावर बंदी आली. त्याआधी, २०२२ च्या सुरुवातीपासून, कॉर्टिकोस्टिरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने स्पर्धेच्या काळात बंद झाली, सांध्यात देतात ती धरून. गुडघा दुखतो म्हणून तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलेल्या कबड्डीपटूला मिळते ते नेमके हेच इंजेक्शन. डॉक्टरचा हेतू शुद्ध, खेळाडूचा शुद्ध. बदलाची बातमी मात्र दोघांपैकी कोणाकडेही पोहोचलेली नसते.

पालघरच्या माहीमचा शार्दूल ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरात शिकला आणि किटबॅग घेऊन गाडीच्या गर्दीतून मुंबईला जात मोठा झाला. इथल्या मुलांच्या तोंडी त्याचे नाव असते. मोठे व्हायचे असेल तर मुंबईची गाडी पकडायची, ही आमची जुनी रीत आहे. प्रशिक्षण तिकडे, मैदाने तिकडे, डॉक्टर तिकडे. मैदान उचलून जव्हारला आणता येत नाही, हे मी समजू शकते. माहिती आणता येते. तिच्यासाठीही मुलांना गाडी पकडायला लावू नये.

वेळही आता आलेली आहे. सुधारित जागतिक संहिता १ जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. त्यानिमित्ताने आपली पत्रके, अर्ज, पाठ्यसाहित्य नव्याने करावेच लागेल. ते करतानाच भारतीय भाषा पहिल्या मसुद्यापासून बरोबर घेतल्या, तर मागाहून ठिगळे लावावी लागणार नाहीत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत, आमच्याच रेल्वेमार्गावर, आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी आपला देश प्रयत्न करतो आहे. २०३० साली धावणारी मुले आज चौदा-पंधरा वर्षांची आहेत. त्यांतली काही आज संध्याकाळी खोकल्याची बाटली मागायला येतील.

म्हणून माझी विनंती थेट आहे. पालघर जिल्ह्यापासून सुरुवात करा. इथे किनारा आहे, डोंगर आहे, कारखाने आहेत, अनेक भाषा एकमेकींना खेटून नांदतात. इथे जे जमेल ते देशात कुठेही जमेल. आपल्या संस्थेचा एक जाणकार डॉक्टर आठवडाभरासाठी पाठवा. औषधविक्रेते, आश्रमशाळांचे क्रीडाशिक्षक, वारली आणि वाडवळी बोलणारे शिक्षक, जडीबुटी जाणणारी माणसे यांना एकत्र बसवायचे काम आम्ही इथले लोक करू. मराठी मजकूर लिहून देऊ, तपासून घेऊ, आणि दर जानेवारीला बदलूही. पुढच्या शालेय हंगामाची पहिली शिट्टी वाजण्याआधी तो कागद आमच्या फळ्यांवर आणि तो आवाज आमच्या मैदानांवर पोहोचावा, एवढे करा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट, बोईसर